मशीन आलं, आता सॉफ्टवेअर कुठलं?

प्रश्न: नमस्कार सर. मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी धायरीला राहतो. घराच्या नावाच्या पाट्या, रांगोळीचे छाप, देवघराच्या मागे लावायच्या जाळ्या असं बाहेरून कापून आणायचो आणि घरी रंगवून विकायचो. कटिंगवाला वेळ पाळत नाही, म्हणून भोसरीहून दोन बाय तीन फुटी सेकंडहँड सीएनसी राउटर (फाइलवरून आपोआप लाकूड कापणारं, कोरणारं मशीन) घेतला. त्याला वायरीने जोडलेला, बटणांचा एक डबा आहे. त्यात पेन ड्राइव्ह लावला की फाइल चालते. विकणाऱ्याने त्याच पेन ड्राइव्हवर ‘आर्टकॅम फुकट टाकून देतो’ म्हणून दिलंय. भाचा म्हणतो, फ्यूजन फुकट मिळतं, तेच वापरा. एका क्लासवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, अ‍ॅस्पायरशिवाय धंदा होत नाही. सॉफ्टवेअरवर पंधरा हजारांच्या वर घालणं आम्हाला जमणार नाही. पाट्या बहुतेक मराठीत असतात. पुढे गणपतीचं थ्रीडी कोरीव कामही करायचंय. कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणाल तर एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. काय घ्यावं? क्लास लावावा का?
— एक वाचक, धायरी

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: पाट्या बहुतेक मराठीत असतात. मशीन विकणारा, भाचा आणि क्लासवाला या तिघांपैकी कोणीही सल्ला देण्याआधी हे विचारलेलं दिसत नाही. विचारलं असतं तर तिघांची उत्तरं बदलली असती.

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. अक्षरं आणि नक्षी इंकस्केपमध्ये काढा, ते फुकट आहे. अक्षरांचं व्ही-कार्व्हिंग, म्हणजे टोकदार पात्याने अक्षर खोदणं, एफ-एन्ग्रेव्हमध्ये करा, तेही फुकट. छाप, जाळ्या आणि पाटीची बाहेरची कड कापायला एस्टलकॅम घ्या. साठ युरोंच्या आसपास, म्हणजे सहा-सात हजारांत ते कायमचं मिळतं, आणि विकत घ्यायच्या आधी पूर्ण वापरून बघता येतं. उरलेले पैसे चांगल्या बिटांना (मशीनला लावायची कापायची पाती) आणि सरावाच्या एमडीएफला (लाकडाच्या भुश्शाच्या दाबीव फळ्या) ठेवा. पेन ड्राइव्हवरचं आर्टकॅम लॅपटॉपवर चढवू नका. अ‍ॅस्पायरचं नाव तूर्त विसरा.

आता कारणं. या धंद्यात लोक ‘सॉफ्टवेअर’ म्हणतात तेव्हा तीन वेगळी कामं एकाच शब्दात कोंबलेली असतात. पहिलं चित्र काढण्याचं. दुसरं, त्या चित्रावरून बिट कुठून कुठे, किती खोल आणि किती वेगाने जाईल हे ठरवायचं. याला टूलपाथ काढणं म्हणतात, त्यातून जी-कोडची फाइल निघते. तिसरं काम ती फाइल वाचून मोटरी फिरवण्याचं, आणि ते तुमच्याकडे झालेलं आहे. तुमचा बटणांचा डबा म्हणजे डीएसपी कंट्रोलर. आपल्याकडच्या लाकडाच्या राउटरवर बहुधा रिचऑटोचा असतो, पाठीमागच्या स्टिकरवर मॉडेल लिहिलेलं सापडेल. तेव्हा मॅक थ्री घ्या, कँडल टाका, युनिव्हर्सल जी-कोड सेंडर टाका असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. ती सगळी तिसऱ्या कामाची सॉफ्टवेअर आहेत, ज्यांचं मशीन कॉम्प्युटरला वायरीने जोडलेलं असतं त्यांच्यासाठी. निम्मी यादी इथेच कटाप झाली.

फुकटच्या आर्टकॅमबद्दल

आर्टकॅम मुळात इंग्लंडच्या डेलकॅम कंपनीचं. 2014 मध्ये ऑटोडेस्कने डेलकॅम विकत घेतली आणि 2018 मध्ये आर्टकॅम बंद करून टाकलं. त्याचा पुढचा वंश कार्व्हेको या नावाने आज चालतो. म्हणजे जो कोणी तुम्हाला आज ‘आर्टकॅम टाकून देतो’ म्हणतो, तो क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत देतो. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63-ब मध्ये जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे. उद्या धायरीला कोणी छापा घालेल असं मी म्हणत नाही. बाजारात हे सर्रास चालतं, तुम्हालाही दिसेल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. क्रॅक चढवताना पहिली सूचना असते ‘अँटीव्हायरस बंद करा’. ज्या लॅपटॉपवर तुम्ही बँकेचं खातं उघडता आणि गिऱ्हाइकांचे पत्ते ठेवता, त्याचं दार तुम्ही स्वतःच्या हाताने उघडून देता. शिवाय बंद पडलेलं सॉफ्टवेअर शिकण्यात घातलेले महिने वाया जातात. विंडोज बदललं, लॅपटॉप बदलला की पुन्हा त्याच माणसाचे पाय धरायचे, आणि त्याने तोवर फोन उचलणं बंद केलेलं असतं.

मराठी अक्षरं मशीनला कशी द्यायची

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा निम्मा त्रास इथेच होईल.

टूलपाथ काढणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं टाइप करायची सोय असते. मराठीसाठी तिच्यावर विसंबू नका. ही सॉफ्टवेअर रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात, एकापुढे एक अक्षर मांडलं की काम झालं अशा हिशेबाने. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी टाइप होते नंतर आणि बसते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. जोडाक्षराचा आकारच बदलतो. हे सगळं जुळवणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये नसली की ‘आशीर्वाद’चा ‘आशीर् वाद’ होतो, पाय मोडलेला र तसाच लोंबकळत राहतो. पडद्यावर लक्षात आलं तर ठीक. सागवानात कोरून झाल्यावर लक्षात आलं तर त्या फळीचा पोळपाट करायचा. आणि पुण्यात पाटीवरची चूक कोणी काढणार नाही, ही आशा करू नये.

इंकस्केप मात्र जोडाक्षरं, रफार, वेलांट्या बरोबर मांडतं. म्हणून नाव तिथे लिहायचं. मग पाथ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ द्यायचं, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता नुसती बाह्यरेषा होते. आता ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नेली तरी मोडणार नाही.

पण इथेच थांबलात तर दुसरा फटका बसतो. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे सांध्यावर एकमेकांवर किंचित चढलेले असतात. पडद्यावर काळा रंग भरलेला असल्यामुळे रेघ अखंड दिसते. मशीनला रंग कळत नाही, तिला कड कळते. त्यामुळे प्रत्येक सांध्याशी तिला दोन आडव्या येणाऱ्या कडा दिसतात आणि शिरोरेषेवर दर अक्षराला एक बारीक खाच पडते. उपाय एका मिनिटाचा आहे: सगळं नाव निवडा, अनग्रूप करा, पाथ मेनूतून ‘युनियन’ द्या. मग व्ह्यू मेनूतून आउटलाइन चालू करून बघा. शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी दिसली, मध्ये एकही उभी रेघ नाही, की फाइल तयार. ही तपासणी प्रत्येक पाटीला करायची, घाई असली तरी.

गिऱ्हाईक कधी कधी लग्नपत्रिकेची किंवा फ्लेक्सची फाइल घेऊन येतं आणि म्हणतं, ‘हेच अक्षर पाहिजे’. ती फाइल बहुधा कोरलड्रॉमधली आणि अक्षर श्रीलिपीचं असतं. श्रीलिपी आपल्या पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकचं. तो फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर नसेल तर नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला ‘कर्व्ह करून पीडीएफ द्या’, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्या, एवढं सांगितलं की त्याला कळतं. कंट्रोल आणि क्यू दाबायचं काम आहे. ती पीडीएफ इंकस्केप उघडतं.

तुमचे स्वतःचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून घ्या. एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू पाट्यांना छान बसतात, जाडी भरपूर आहे. पारंपरिक वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. हे फॉन्ट खुल्या परवान्याचे असल्याने पाटी विकलीत तरी कोणाची हरकत नाही. बारीक रेघांचे नाजूक फॉन्ट लाकडात कोरू नका, रंग भरताना उभ्या तंतूंच्या कडा उचकटतात.

एक छोटी सूचना, ती विसराल म्हणून आत्ताच. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या एका इंचात 90 ठिपके धरायच्या, 0.92 पासून 96 धरतात. दुसरं सॉफ्टवेअर जुन्या हिशेबाने वाचत असेल तर 12 इंची पाटी 12.8 इंची होऊन बसते. फाइल नेली की पहिल्यांदा रुंदी मोजायची.

व्ही बिट आणि फळीची जाडी

पाटीवरच्या अक्षराला जो कोरल्याचा उठाव येतो तो व्ही-कार्व्हिंगचा. टोकदार बिट अक्षराच्या दोन्ही कडांना एकदम टेकेल इतकाच खाली जातो. याचा अर्थ, खोली तुम्ही ठरवत नाही, अक्षराची जाडी ठरवते. 90 अंशांचा बिट असेल तर खोली रेघेच्या जाडीच्या निम्मी. 60 अंशांचा असेल तर जाडीच्या 0.87 पट.

आता मोठं ठसठशीत ‘श्री’ घ्या, रेघ 20 मिलिमीटर जाड. 60 अंशांच्या बिटाने ते 17 मिलिमीटर खोल जाईल. फळी 18 ची. म्हणजे खाली एक मिलिमीटर लाकूड उरतं आणि मशीनचा बेड जरा वरखाली असेल तर तेही नाही. तोच ‘श्री’ 90 अंशांच्या बिटाने 10 मिलिमीटरवर थांबतो. आणि रेघ 8 मिलिमीटरच्या आत ठेवलीत तर 90 च्या बिटाने 4 मिलिमीटर, कसलीच काळजी नाही. सुरुवातीच्या पाट्या याच हिशेबात बसवा.

जाड अक्षर हवंच असेल तर जास्तीत जास्त खोली बांधून द्यावी लागते, समजा 5 मिलिमीटर. मग कडा व्ही बिटाने उतरत्या होतात आणि तळ सपाट राहतो. तो तळ साफ करायला दुसरा टूलपाथ लागतो, सरळ बिटाचा. एफ-एन्ग्रेव्हमध्ये कमाल खोलीही देता येते आणि तळ साफ करायचा वेगळा टूलपाथही निघतो. म्हणून ते सुचवलं. दिसायला ते अगदीच ओबडधोबड आहे, एकाच खिडकीत नुसते आकडे भरायचे रकाने. तुम्हाला एक्सेल येतं ना, मग ते आवडेलही. इंकस्केपमधून फाइल डीएक्सएफ (रेषांच्या चित्राचा एक फाइल-प्रकार) करून द्यायची, किंवा काळ्यापांढऱ्या चित्राच्या रूपातही चालते.

बिट घेताना कोन पूर्ण आहे की एका बाजूचा, हे विचारून घ्या. 30 लिहिलेला बिट एका दुकानात पूर्ण 30 अंशांचा असतो आणि दुसरीकडे दोन्ही बाजू मिळून 60 चा. सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा कोन भरला की अक्षरं एकतर अंग चोरून बसतात किंवा पसरट होतात, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

बाकीची नावं

भाच्याचं फ्यूजन. सॉफ्टवेअर म्हणून उत्तम आहे, पण फुकटचं लायसन्स घरगुती, बिगरधंद्याच्या वापराचं असतं आणि वर्षाला 1000 डॉलरच्या आतल्या कमाईची अट असते. तुम्ही पाट्या विकता. शिवाय ऑक्टोबर 2020 पासून फुकटच्या आवृत्तीत बिट रिकामा एका जागेहून दुसरीकडे जातानाही सावकाश कापायच्या वेगानेच जातो, त्यामुळे जाळीसारख्या कामाला नको इतका वेळ लागतो. भाचा इंजिनिअरिंगला असेल तर त्याला विद्यार्थी म्हणून ते मिळालेलं असणार. त्याच्या प्रोजेक्टसाठी ते ठीकच आहे, यंत्राचे भाग काढायला त्याच्यासारखं नाही. पण ‘आशीर्वाद’ आणि वेलबुट्टीसाठी ते बनवलेलं नाही.

ईझल ब्राउझरमध्ये चालतं आणि शिकायला सगळ्यात सोपं. पण व्ही-कार्व्हिंग पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं आणि इंटरनेट गेलं की काम थांबतं. कार्बाइड क्रिएट हे कार्बाइड थ्रीडी या मशीनच्या कंपनीने मुख्यतः स्वतःच्या मशीनसाठी केलेलं आहे, त्याच्या मागे लागू नका.

फ्रीकॅड पूर्ण फुकट, धंद्याला वापरायलाही मोकळं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आल्यापासून बरंच सुधारलंय. त्यात टूलपाथ काढायचा स्वतंत्र विभाग आहे. पण खरं सांगतो, नवख्याला ते दमवतं. एक साधी पाटी काढायला जेवढ्या पायऱ्या लागतात तेवढ्यात तुमचं कुकर-पोळ्या सगळं होईल. भाच्याला हौस असेल तर त्याच्या गळ्यात घाला.

एस्टलकॅम जर्मनीत एका माणसाने उभं केलेलं सॉफ्टवेअर आहे. चाचणीच्या आवृत्तीत कुठलीच सोय कापलेली नसते. फक्त फाइल सेव्ह करताना थांबावं लागतं, आणि जितकं वापराल तितकी ती वाट वाढत जाते. मला ही पद्धत फार आवडते. जोपर्यंत तुम्ही सराव करताय तोपर्यंत चहा होईपर्यंत थांबायला हरकत नसते. ज्या दिवशी थांबणं परवडेनासं होतं, त्या दिवशी तुमच्याकडे ऑर्डरी आलेल्या असतात आणि सहा-सात हजार निघतात. छापाची बाहेरची कड, आतली भोकं, जाळीचे कप्पे, आणि तुकडा सुटून उडू नये म्हणून मध्ये ठेवायचे छोटे टॅब, हे सगळं त्यात माउसने दाखवून होतं. त्यातही व्ही-कार्व्हिंग आहे. वर सांगितलेलं जाड ‘श्री’ त्यात करून बघा. जमलं तर एफ-एन्ग्रेव्हला सुट्टी.

मग लोक व्हीकार्व्ह नावाच्या सॉफ्टवेअरचं एवढं कौतुक का करतात? कारण ते कौतुकाला पात्र आहे. चित्र, टूलपाथ आणि लाकडात कसं दिसेल याचं हुबेहूब चित्र, सगळं एकाच खिडकीत. पाट्यांच्या धंद्याला त्याहून चांगलं मला माहीत नाही. त्याची लहान आवृत्ती, व्हीकार्व्ह डेस्कटॉप, साडेतीनशे-चारशे डॉलरच्या पट्ट्यात आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर पस्तीस हजारांच्या पुढे जाते, म्हणजे तुमच्या बजेटच्या दुपटीहून जास्त. पैसे एकदाच भरायचे, महिन्याचं भाडं नाही. कामाच्या आकाराला साधारण दोन फूट बाय दोन फुटांची मर्यादा आहे. तुमच्या पाट्यांना ती पुरते, तीन फुटी जाळीला नाही. त्याची चाचणी आवृत्ती आजच उतरवून घ्या: शिकायला, बघायला सगळं चालतं, फक्त तुमच्या स्वतःच्या कामाचा जी-कोड बाहेर काढता येत नाही. त्यावर हात बसला आणि दर आठवड्याला पाट्यांची ऑर्डर यायला लागली, की तेव्हा घ्या. आज नको.

कार्व्हेको मेकर महिन्याला पंधरा डॉलरच्या आसपास पडतं म्हणून स्वस्त वाटतं. दोन वर्षांचा हिशेब केलात तर व्हीकार्व्ह डेस्कटॉपएवढेच पैसे होतात, आणि भाडं थांबलं की सॉफ्टवेअर थांबलं. शिवाय ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना आगाऊ संमती नोंदवावी लागते. परदेशी साइटवर ती नीट नोंदली गेली नसेल तर महिन्याचे पैसे अडकतात, आणि ते नेमके दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. मासिक भाड्याचं काही घेतलंतच तर वर्षाचे पैसे एकदम भरा. आणि कुठलंही परदेशी सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, नाहीतर पैसे भरताना कारण न सांगता नकार येतो.

डब्याशी गाठ

एस्टलकॅम किंवा एफ-एन्ग्रेव्हमधून निघालेली फाइल तुमच्या डब्याला वाचता आली पाहिजे. सागवान लावायच्या आधी एमडीएफच्या तुकड्यावर एकच परीक्षा घ्या: 50 मिलिमीटरचा चौकोन आणि त्याच्या आत 30 चं वर्तुळ, एक मिलिमीटर खोल. आधी झेडचा झिरो, म्हणजे उंची मोजायचा शून्यबिंदू, लाकडाच्या तीन-चार सेंटिमीटर वर घेऊन हवेतच चालवा. मग खरोखर कापून व्हर्नियरने मोजा. चौकोन बरोबर आला आणि वर्तुळाच्या जागी भलताच मोठा चाप निघाला, तर जी-कोडमध्ये वर्तुळाचं केंद्र लिहायची पद्धत आणि डब्यातली सेटिंग जुळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये पोस्ट-प्रोसेसर (मशीनप्रमाणे जी-कोड लिहिण्याची पद्धत ठरवणारी सेटिंग) बदलायचा किंवा डब्याच्या जी-कोड सेटिंगमध्ये केंद्राचा पर्याय बदलायचा.

दुसरी गोष्ट वेगाची. रिचऑटोच्या डब्यात फाइलमधला वेग वाचायचा की दुर्लक्ष करायचा, असा पर्याय असतो. सेकंडहँड मशीनवर आधीच्या मालकाने तो ‘दुर्लक्ष’वर ठेवलेला असू शकतो. मग तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये मिनिटाला 1000 मिलिमीटर लिहा नाहीतर 3000, मशीन आपल्याच चालीने चालणार. तुम्ही बसलात सॉफ्टवेअर बदलत. हा पर्याय पहिल्याच दिवशी बघा.

आणि गुरुवारी लांबलचक काम लावू नका. महावितरणची देखभालीची कामं त्याच दिवशी निघतात. लाइट गेली तर हे डबे थांबलेली जागा लक्षात ठेवून पुढे चालू करू शकतात, पण त्यासाठी लाइट आल्यावर आधी मशीन होमला, म्हणजे त्याच्या मूळ कोपऱ्याला, घ्यावं लागतं. हे सरावाच्या तुकड्यावर मुद्दाम स्विच बंद करून एकदा करून बघा.

गणपती

थ्रीडी गणपती करा, पण दोन महिने थांबा. त्याला अ‍ॅस्पायर लागतं हे अर्धसत्य आहे. अ‍ॅस्पायर लागतं ते गणपती स्वतः पडद्यावर घडवायचा असेल तर, आणि त्याचे दोन हजार डॉलरच्या आसपास होतात. तयार एसटीएल (थ्रीडी आकाराची) फाइल विकत घेऊन नुसती कोरायची असेल तर एस्टलकॅमला ती वाचता येते. फाइल घेताना कोरून विकायची परवानगी आहे ना, हे वाचा. नेटवरच्या कितीतरी फुकट फाइली फक्त घरगुती वापराच्या असतात.

अडचण आहे ती वेळेची. एक फूट बाय एक फूट, म्हणजे 300 बाय 300 मिलिमीटरचा गणपती धरा. शेवटचा सफाईचा हात 0.3 मिलिमीटरच्या अंतराने फिरवायचा तर 1000 फेऱ्या होतात, प्रत्येक 300 मिलिमीटरची. एकूण 300 मीटर. मिनिटाला दीड मीटरने चाललात तर 200 मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं, आणि हा नुसता सफाईचा हात. त्याच्या आधीचं भरड काम वेगळं, प्रत्येक वळणावर मशीन मंदावतं ते वेगळं. तेवढा वेळ राउटरचा आवाज धायरीच्या कुठल्या सोसायटीत चालतो ते तुम्हीच सांगा. गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी हा हिशेब करा, नाहीतर गणपती पाटीच्या भावात जाईल.

क्लास

आर्टकॅमचा किंवा अ‍ॅस्पायरचा महिनाभराचा कोर्स लावू नका. क्लासवाल्याकडे जाताना तुमची फाइल घेऊन जा: ‘आशीर्वाद’ हे नाव, 90 अंशांचा बिट, 18 मिलिमीटरचा एमडीएफ. त्याला म्हणा, तुमच्यासमोर इंकस्केपपासून डब्यापर्यंत नेऊन कापून दाखवा, आणि हे करताना काय-काय दाबता ते आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करू. तो तयार झाला तर दोन दिवसांचे पैसे द्या आणि जाऊबाईंनाही बरोबर न्या, एकीने बघायचं आणि एकीने लिहायचं. मराठी अक्षरं बघून तो ‘यापेक्षा इंग्लिश पाटी करा’ म्हणाला, तर नमस्कार करून निघा.